पाणमांजराचं स्थानिकत्व

तेलुगू राज्याची दोन राज्यं झाली त्या वर्षी आमच्या कचेरीत खुर्च्यांपासून फायलींपर्यंत सगळ्याची वाटणी चालली होती. दुर्मीळ प्राण्यांपैकी आधी कोणाचं संशोधन हाती घ्यायचं, ती अग्रक्रमाची यादीही वाटायची होती. माझा प्रकल्प कृष्णेतल्या पाणमांजरांचा. तीन हिवाळे मी बिळं मोजली होती, चौथ्यात पिल्लं मोजायची होती. आणि नवी सीमा नेमकी नदीतून गेली.

प्राणी कोणत्या राज्याचा, हे ठरवायला छापील नमुना नव्हता. साहेबांनी कर्मचाऱ्यांच्या वाटणीचा अर्ज पुढे केला. नमुना नसला की हाती असेल तो भरायचा, ही आमच्याकडची निजामाच्या वेळची रीत. मी भरायला बसले. जन्मस्थान, डावा काठ. चौथी ते दहावी कुठे शिकला, लागू नाही. त्या सात वर्षांवरूनच माणूस कुठला स्थानिक ते ठरायचं.

"लागू नहीं कायकू? वो सात साल किधर रहा, लिखो," साहेब म्हणाले.

"साहेब, ते जगतंच जेमतेम तेवढं."

"फिर तो पक्का लोकल है."

मला हसू आवरेना, आणि त्या हसण्याच्या भरात मी घोडचूक केली. पुढचा रकाना जोडीदाराचा होता. माझ्या वहीत मादीचं बीळ उजव्या काठावर होतं. मी इमानदारीत तसं लिहिलं.

साहेबांचा चेहरा उतरला. "ये तो मियाँ-बीवी का केस हो गया. दोनों तरफ की मंजुरी होना."

नवरा-बायकोच्या बदल्यांचे अर्ज कपाटभर तुंबले होते. पाणमांजर त्यांच्या तळाशी गेलं. यादीत पहिला नंबर लागला एका पक्ष्याचा. तो कित्येक वर्षांत कुणालाच दिसला नव्हता, त्यामुळे त्याच्यावर कुणाचा आक्षेपही नव्हता.

हिवाळा गेला. मी दर सोमवारी साहेबांच्या टेबलाशी उभी राहायचे आणि नारायणगुड्याला घरी येऊन भांडी आपटायचे. राग स्वतःचाच यायचा. तो रकाना कोरा ठेवला असता तर काय बिघडलं असतं?

पुढचाही हिवाळा सरल्यावर मंजुरी आली. मी दोन्ही काठ पायी पालथे घातले. बिळांच्या तोंडाशी कोळिष्टकं होती, ताजा माग एकही नाही. साहेबांना हे सांगताना मला रडू फुटलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, फाईल उघडली आणि मायेनं म्हणाले, "रो नक्को बेटी. अब किसी का झगडा नहीं रहा. इस साल इसकू पहले नंबर पे डाल देते."