आप्पासोनं खाल्लेलं द्राक्ष

दोन हजार पाच सालच्या जानेवारीत शुक्रवार पेठेत एक बातमी नळाला पाणी यायच्या आत घरोघर पोचली. आप्पासो बिरनाळे प्यायला लागला. तेही सणावाराला नव्हे, रोज. स्टेशनजवळच्या ज्या वाईन शॉपच्या काउंटरला तो बारा वर्षं उभा आहे, तिथंच संध्याकाळी सव्वापाचला मागच्या खोलीत जातो, आतनं कडी लावतो आणि वीस मिनिटांनी तोंड पुसत बाहेर येतो. गल्लीतल्या शालूबाईंनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या डोळ्यांना चष्मा लागून सहा वर्षं झालीत आणि तो फक्त लग्नाला जाताना लावतात, पण ते असू दे.

खोलीत जातो हे खरं. कडी लावतो हे खरं. तोंड पुसतो, तेही खरं. आत मात्र एक डबा असतो. दोन भाकऱ्या, मुगाची आमटी, कधी दोडका. बिरनाळ्यांच्या घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही, आई सीताबाई तर पाणीसुद्धा पीत नाहीत. दुकान बंद व्हायला दहा वाजणार, म्हणजे जे काय गिळायचं ते सूर्य असतानाच. आणि कडी अशासाठी, की एकदा बाटली घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकानं आत डोकावून "चखणा काय हाय आज?" म्हणत सरळ दोडक्यात हात घातला होता.

मग शालूबाईंना ही बातमी पसरवायची एवढी घाई का झाली? त्याला कारण आहे, आणि ते कारण बाटलीतलंच आहे.

आप्पासो ह्या धंद्यात पडला तो त्र्याण्णव साली. बी.कॉम. होऊन कागलला एका गोदामात बसत होता, गोदाम बंद पडलं. जयसिंगराव नवं दुकान टाकत होते, त्यांना व्यसन नसलेला माणूस हवा होता. असा माणूस त्यांना जैनांतच मिळेल असं कुणीतरी सांगितलं. सीताबाई आठ दिवस लेकाशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी म्हणाल्या, "हाताला लागू दे. जिभेला न्हाय." आप्पासोनं शब्द दिला. तेव्हापासून दुकानातले कपडे दाराबाहेरच्या खुंटीला, अंगावर दोन तांबे पाणी, आणि मगच स्वयंपाकघर.

त्याचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. बस्तीत, म्हणजे आमच्याकडच्या जैन देवळात, दाराशी एक फळा आहे. रोज सकाळी तिथी आणि कार्यक्रम त्यावर आप्पासोच लिहितो. जयसिंगरावांनी ते पाहिलं आणि अठ्ठ्याण्णव साली दुकानातही एक फळा टांगला. वर मथळा, 'ह्या महिन्यात काय घ्यावं'. खाली तीन नावं, आणि प्रत्येक नावाखाली दोन ओळी.

आता जो पीत नाही त्यानं ह्या दोन ओळी लिहायच्या कशा? आप्पासोनं आपली रीत काढली. बाटली देताना हळूच सांगायचा, "उद्या येऊन कशी लागली ते सांगा." दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक काय बोलेल ते जसंच्या तसं फळ्यावर. रिटायर कंडक्टर केरबा हा त्याचा मुख्य चाखणारा. 'घशात शिरताना गप, उतरल्यावर बोलती,' हे एका रमबद्दलचं केरबाचं वाक्य तीन महिने फळ्यावर होतं. एक बिअर तर 'सासुरवाडीच्या चहागत' म्हणून लिहिली आणि ती कुणी घेईना. कंपनीचा माणूस तणतणत आला. आप्पासो म्हणाला, "तुमी पिऊन बघा आणि उद्या सांगा." तो काही परत आला नाही. पण लोकांना एक कळलं, की ह्या फळ्यावर खोटं नसतं. पन्हाळ्याला निघालेले पावणे गाडी थांबवून आधी फळा वाचायचे.

त्या जानेवारीत जयसिंगरावांनी नाशकाहून लाल वाईनची वीस खोकी आणली. द्राक्षाचं नाव शिराझ. वाईन शॉप म्हणतात त्या दुकानात तोवर वाईन सोडून सगळं मिळत होतं, आणि आता खरीच वाईन आली तर तिला विचारीना कुणी. जयसिंगराव खोक्यांभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "आप्पासो, ह्या महिन्याला फळ्यावर हीच. एकटी. महिनाअखेर ही खोकी हलली न्हाईत तर तो फळा खाली. कंपनी पोस्टर देतीया, ते लावू."

आप्पासोनं केरबाला एक बाटली दिली. केरबानं तिच्यात बर्फ घातला, सोडा घातला आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, "खोकल्याचं औषध हाय." दुसऱ्या एकानं फ्रीझरमध्ये ठेवून तिची बाटलीच फोडली. तिसऱ्यानं साखर घालून घेतली. फळा कोराच राहिला. मथळ्याखाली 'शिराझ' एवढंच, आणि खाली काळी जागा.

आप्पासोला चैन पडेना. खडू उचलायचा, ठेवायचा. बाटल्या खालच्या कप्प्यातनं वर न्यायच्या, परत खाली. बाहेर जाऊन रस्त्याच्या पलीकडनं फळा वाचायचा, जणू तिकडनं बघितलं तर काहीतरी उमटेल. घरी बायको स्नेहल म्हणाली, "डबा अर्धा परत आलाय. कोण मेलंय का?"

त्यातच शालूबाई दुकानाच्या पायरीशी आल्या, पदर तोंडाला लावून. सुनेच्या अंगात रक्त कमी होतं. लाल वाईननं रक्त वाढतं असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं.

"बाळंतिणीला चालती न्हवं रे, आप्पा?"

"शालूकाकू, लाल हाय म्हणून रक्त वाढत असतं, तर विटा खाल्ल्या असत्या की लोकांनी. सरकारी दवाखान्यात न्या तिला. गोळ्या फुकट मिळत्यात."

हे जयसिंगरावांनी ऐकलं आणि ते खुर्चीतनं उठलेच. शालूबाई गेल्यावर म्हणाले, "अरे, देव पावला म्हण की. हेच लिव. रक्तवाढीला उत्तम. चार दिवसांत वीसची वीस जातील."

"वाढत न्हाय, मालक."

"तुला काय ठाऊक? तू प्यालाईस?"

हा घाव बरोबर बसला. सहा वर्षं जो प्रश्न गिऱ्हाइकांनी विचारला नव्हता, तो मालकानं विचारला. जयसिंगराव मऊ आवाजात म्हणाले, "तू लिव, न्हायतर पोस्टर. तूच ठरव."

तिकडे शालूबाई तणतणत घरी पोचल्या होत्या. दुकानदार असून बाटली देत नाही म्हणजे काय? सगळी स्वतःलाच ठेवून घेत असणार. सव्वापाचची कडी त्यांना आठवली ती तेव्हा. बातमी निघाली ती अशी.

ती सीताबाईंच्या कानावर गेली. त्यांनी लेकाला काही विचारलं नाही. तो बाहेरच्या खुंटीशी कपडे बदलत होता तेव्हा फक्त जवळ येऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांनी त्याच्या तोंडाचा वास घेतला. वास दोडक्याचा होता. पण आई वास घेते म्हटल्यावर आप्पासोला रात्रभर झोप लागली नाही. मालकाला फळा खोटा हवा होता, गल्लीला आप्पासो खोटा वाटत होता, आणि ह्याला खरं काय ते लिहायलाच येत नव्हतं. फळ्यावरच्या काळ्या जागेत आता त्याला स्वतःचंच नाव दिसायला लागलं.

पहाटे तो एकदम उठून बसला. वाईन जिभेला लावायची नाही. पण द्राक्ष?

चुलतभाऊ वृषभची पलूसकडं बाग होती आणि दोन वर्षांपूर्वी त्यानं एका कंपनीसाठी अर्ध्या एकरात हीच जात लावली होती. सकाळी बस्तीतला फळा लिहून आप्पासोनं सांगलीची एस.टी. धरली. जयसिंगरावांना निरोप, 'आईला बरं नाही'. आयुष्यातलं पहिलं खोटं म्हणतात ते हेच, आणि तेही खरं लिहायला मिळावं म्हणून.

बागेत पोचला तेव्हा वृषभ घड बघत फिरत होता. द्राक्ष बघून आप्पासोचा चेहरा पडला. करवंदाएवढं, निळंकाळं, एकाला एक चिकटलेलं.

"हे खायचं न्हवं, आप्पा. बी असती. बाजारात न्हेलं तर लोक दगडं मारतील," वृषभ म्हणाला. आणि एक घड तोडून त्याच्या हातात दिला. "खा की."

आप्पासोनं मणी तोडला, ओठांपर्यंत नेला आणि थांबला.

"काय झालं?"

"आज तिथी कुठली?"

वृषभनं बोटं मोजली आणि हसत खालीच बसला. चतुर्दशी. अष्टमी-चतुर्दशीला बिरनाळ्यांच्या घरात फळ नाही, हिरवं नाही, नुसतं कडधान्य. आणि 'आज चतुर्दशी' असं सकाळी बस्तीच्या फळ्यावर सुबक अक्षरात कुणी लिहिलं होतं? ह्यानंच. लिहिताना सगळं लक्ष दुसऱ्या फळ्याकडे.

"एक मणी, आप्पा. कोण बघालंय?"

"तू बघालाईस की."

"मी तोंड फिरवतो."

आप्पासो घड हातात धरून बागेत येरझारा घालायला लागला. महिना संपायला सात दिवस. त्यात सव्वीस आणि तीस, दोन दिवस दुकानाला सरकारी टाळं. घड घेऊन परत जावं तर एस.टी.च्या गर्दीत त्याचा चेंदा, राहावं तर एक दिवस गेला. शेवटी घड वृषभच्या विहिरीपाशी सावलीत ठेवला आणि मुक्काम केला. त्या दिवशी त्यानं बागेच्या किती फेऱ्या घातल्या ते वृषभचं अजून सगळ्या भावकीला सांगून झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य चांगला वर आल्यावर त्यानं पहिला मणी तोंडात टाकला. गोड. नुसतं गोड नव्हे, काकवीसारखं. मग साल चावली आणि जीभ आखडली, जांभूळ खाल्ल्यागत. वृषभ म्हणाला, "बी चाव. बी कडकड वाजलं की द्राक्ष पिकलं म्हणायचं." बी चावलं. कडू, आणि मागनं मिऱ्यासारखं काहीतरी घशात राहिलं. आप्पासोनं तो घड संपवला, मग दुसरा. दात जांभळे, ओठ जांभळे, सदऱ्यावर डाग. आणि तोंडाचा हा रंग घेऊनच तो पेठेत शिरला. शालूबाई दारातच होत्या. त्या दिवशी त्यांना चष्म्याची गरज पडली नाही.

दुपारी फळ्यावर उमटलं ते असं.

'शिराझ. मी ही वाईन प्यालेलो नाही. द्राक्ष खाल्लं आहे. आकार करवंदाचा, साल जाड, बी दोन. आधी काकवी, मग जांभूळ, शेवटी मिरे. बर्फ घालू नये, सोडा नको, साखर तर नकोच. घोट घेऊन थांबावं, जीभ कोरडी पडली तर भिऊ नये, द्राक्षच तसं आहे. हिनं रक्त वाढत नाही. आप्पासो बिरनाळे.'

सहा वर्षांत त्यानं खाली नाव लिहिलं ते पहिल्यांदा.

जयसिंगरावांनी शेवटून दुसरी ओळ वाचली आणि फडकं उचललं. तेवढ्यात केरबा आला. त्यानं पूर्ण फळा कंडक्टरच्या आवाजात वाचला, रस्त्यावरच्या चार माणसांना ऐकू जाईल असा, आणि म्हणाला, "द्या एक. आज सोड्याबिगर बघतो." दुसऱ्या दिवशी दुकानाला टाळं, तरी तो बंद शटरपाशी येऊन उभा. आप्पासो दिसताच म्हणाला, "मिरे हाईत लेका. खरंच हाईत."

मग लोक यायला लागले. नाव कुणाच्या जिभेवर बसेना. "ते आप्पासोनं खाल्लेलं द्राक्ष द्या," असं म्हणायचे. कागलचा एक बँकवाला दोन बाटल्या घेऊन गेला आणि चारसाठी परत आला. वारणानगरच्या एका प्राध्यापकानं फळा वहीत उतरवून घेतला. रक्तासाठी मात्र कुणी आलं नाही. शालूबाईंची सून गोळ्या खायला लागली होती.

एकतीस तारखेला संध्याकाळी जयसिंगराव बगलेत पोस्टर घेऊन आले. खोकी सोळा गेली होती, चार उरली होती. बोलल्याप्रमाणे फळा उतरायला हवा. आप्पासोनं खडू खिशात टाकला आणि स्टूल पुढं ओढलं, स्वतःच उतरवायला. दारात एक अनोळखी पावणा उभा होता, हातात गाडीची किल्ली. तो फळ्याकडं बघत म्हणाला, "हे लिहिणारे कोण? पुढच्या महिन्यात काय खाणार म्हणावं?"

जयसिंगरावांनी एकदा फळ्याकडं पाहिलं, एकदा पावण्याकडं. मग पोस्टर उलगडलं. त्यात एक बाई हातात पेला घेऊन हसत होती. ते त्यांनी मागच्या खोलीच्या दारावर चिकटवलं, बरोबर त्या कडीच्या वर. त्यामुळं शालूबाईंच्या बातमीला आणखी दोन वर्षं पुरेल एवढा पुरावा मिळाला, पण ते असू दे.

सव्वापाच वाजले होते. आप्पासोनं डबा उचलला. जयसिंगराव म्हणाले, "न पिता सोळा खोकी घालवलीस, आप्पासो. प्याला असतास तर वीसच्या वीस गेली असती."

आप्पासो कडीवर हात ठेवून म्हणाला, "प्यालो असतो, मालक, तर मला सगळीच चांगली लागली असती."