ओल्या पोत्याचे आबा

चैत्र लागला की आबांच्या खांद्यावर ओलं पोतं चढायचं, ते थेट मृगाला उतरायचं. साधं गोणपाट. तासा-दोन तासांनी कुणाच्या तरी हौदात बुडवायचं, पिळायचं आणि पुन्हा खांद्यावर टाकायचं. ऊन लागलं तर ते डोक्यावर, ठिणगी दिसली तर ठिणगीवर. पारोळ्याकडच्या आमच्या गावात त्यांना नावाने कुणी ओळखत नसे. ओल्या पोत्याचे आबा म्हटलं की कुणीही घर दाखवायचं. गल्लीतल्या नव्या सुना त्यांना पाहून तोंडाला पदर लावून हसायच्या. मीही हसायचो, आणि मी तर शाळामास्तर.

आबांनी उमेदीची सगळी वर्षं धुळ्याच्या एका जिनात, म्हणजे कापूस आणि सरकी वेगळी करणाऱ्या गिरणीत, काढली. उन्हाळ्यात कापसाच्या ढिगांभोवती फिरत राहायचं आणि कुठे जळकट वास येतो का ते बघायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन गावी आले आणि आमच्या गल्लीलाच त्यांनी कापसाचा ढीग मानलं. सकाळी दहानंतर उघड्यावर चूल पेटवायची नाही, राख उकिरड्यावर टाकण्याआधी तिच्यावर तांब्याभर पाणी ओतायचं, कडब्याची गंजी घराला टेकून रचायची नाही, असे त्यांचे नियम होते. कुणी वाद घातला की म्हणायचे, "वारा घरमा येस ते येऊ द्या, पन त्याले चूल दखाडानी नही."

माणसांवरही त्यांची तशीच नजर. दुपारी शेतातून येणाऱ्याला ते पारावर अडवायचे, आधी सावलीत बसवायचे, जरा दम खाऊ द्यायचे, मग विचारायचे, "पानी पिधं का?" कान उघडे टाकून मोटरसायकल हाणणाऱ्या पोरांना थांबवून रुमाल बांधायला लावायचे. हल्ली मोबाइलवर उष्णतेच्या लाटेचा इशारा येतो. तो आला की आबा मला बोलावून वाचायला लावायचे आणि सरकारला उशिरा का होईना कळलं, अशा चेहऱ्याने मान हलवायचे.

माझ्या धाकट्या बहिणीचं, वैशालीचं लग्न ऐन मे महिन्यात निघालं. वडील नव्हते, त्यामुळे सगळं माझ्या अंगावर. वऱ्हाड सोनगीरचं. तिचे सासरे, नाना, मानपानाला फार कडक. दुपारी अक्षता पडल्या. गंगाफळाची भाजी आणि बुंदी तयार होती, फक्त गरम पुऱ्या तळायच्या होत्या. मांडवामागे आचाऱ्याने लाकडाची भट्टी पेटवली आणि तेवढ्यात वारा उठला. मांडवाचं कापड फडफडायला लागलं. आबा कुठून आले कोण जाणे; त्यांनी कढई उतरवायला लावली आणि सरळ दोन बादल्या पाणी भट्टीत ओतलं.

वऱ्हाड पानांवर बसलेलं. पुढे काय झालं ते सांगायला आजही लाज वाटते. मी सगळ्यांदेखत आबांवर ओरडलो की तुम्ही आमचं नाक कापलंत, जिनातली नोकरी संपली तरी तुमचं डोकं अजून तिथेच आहे. आबा भट्टीसमोर पाय रोवून उभेच राहिले. म्हणाले, "रागमा गयेला पाहुणा सांजले जेवतीन. इस्तो उडी गया ते मांगे येत नही."

पण नाना जेवले नाहीत. थंड बुंदी पानात टाकून उठले, नुसतं पाणी प्यायले आणि उपाशी पोटीच वैशालीला घेऊन निघून गेले. वारा तासाभरात पडला. कुठे काही पेटलं नाही, मांडवाची एक दोरीसुद्धा तुटली नाही. उगाच सगळं नासवलं म्हणून मी कपाळाला हात लावून बसलो होतो. आबा शेजारी येऊन टेकले आणि हळूच म्हणाले, "काहीच व्हयनं नही ना? बस, माले इतलंच जोयजे व्हतं." मी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

सोनगीरला वैशालीला उठता-बसता ऐकावं लागायचं की उपाशी मांडवातून आणलेली सून. नानांनी आमच्याकडे येणंजाणं बंद केलं. ती फोनवर रडायची आणि मी मनातल्या मनात आबांना शिव्या घालायचो. आबांना हे कळलं कसं, माहीत नाही. पुढच्या महिन्यात एके दिवशी पहाटे त्यांनी त्याच आचाऱ्याला उठवलं, गंगाफळं, कणीक, तेल, कढई टेम्पोत घातली, मला जवळजवळ ओढून बसवलं आणि उजाडता उजाडता आम्ही सोनगीरला नानांच्या दारात हजर.

राहिलेली पंगत वाढायला आलोय, एवढंच आबा म्हणाले. नाना ओसरीवरून हलले नाहीत. अंगणात भट्टी पेटली. त्या वेळी वाऱ्याचं नाव नव्हतं. सकाळी सात वाजता नानांच्या पानात गरम पुरी पडली तेव्हा त्यांनी आबांकडे बघितलं, पुरीकडे बघितलं आणि हसू काही त्यांना आवरेना. लग्नाचं जेवण न्याहारीला जेवणारा खानदेशातला मीच पहिला, म्हणाले. नऊच्या आत भट्टी विझवून आबा मोकळे. निघण्यापूर्वी नानांच्या घराला टेकलेली कडब्याची गंजी मात्र त्यांनी आम्हा सगळ्यांकडून हलवून घेतली, त्यात नानाही होते. त्या दिवसापासून वैशालीचं घर तिचं झालं. माझा रागही तिथेच संपला, पण आबांची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

गेल्या वैशाखात आबा गेले. सकाळीच, झोपेत. सुरतेहून मुलगा पोचेपर्यंत दुपार झाली. नदीकाठी सरण रचलं तेव्हा वारा भणाणत होता. सभोवती वाळलेलं गवत आणि बांधापलीकडे कुणाच्या तरी कडब्याच्या गंज्या. मुलगा अग्नी द्यायला पुढे झाला, तोच सोनगीरहून आलेल्या नानांनी हात वर केला.

"थांब भाऊ," ते म्हणाले, "वारा पडू दे."

सगळं गाव बाभळींच्या सावलीला बसलं. त्या मांडवात आबांना वेड्यात काढणारे सगळेच तिथे होते. मी तर सर्वांत पुढे होतो. दोन तास आम्ही तसेच बसून राहिलो. ऊन कलल्यावर गवताची सळसळ थांबली, आणि नानांनीच आबांच्या मुलाचा हात धरून त्याला उठवलं.