पडवीतला पाहुणा

कुडाळपासून मालवणपर्यंत जेवढी कुलुपं आहेत तेवढ्या कुलुपांनी मिळून जेवढी राखण होत नसेल, तेवढी आमचे मामेसासरे एकटे, पडवीतल्या बाकावर बसून, पान चघळत करतात. त्यांच्या घराची रीत साधी आहे. नवं जे काही येईल ते आधी पडवीत बसेल, आणि मामा त्याला आतून-बाहेरून ओळखतील तेव्हाच उंबरठा ओलांडेल. ही रीत माणसांपुरती असती तर मी काही बोललो नसतो. पण त्यांच्याकडे नवा पंखा आधी पडवीत फिरतो. नवा कुकर पडवीत शिट्ट्या मारतो, तेव्हा मामा खांबामागे उभे असतात. एकदा बाजारातून आणलेला कोंबडा त्यांनी पडवीत इतके दिवस ठेवला, की शेवटी तोच येणाऱ्या-जाणाऱ्यांवर संशयाने मान वाकडी करू लागला. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा बाकीची मंडळी आत पोहे खात होती आणि मी पडवीत मामांसमोर. अजूनही ते चारचौघांत सांगतात, "जावयानू, तुमका आत घेतलंय ती माझी चूक नाय हां. भाचयेन हट्ट केल्यान."

मामा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि संगणकाकडे वळले. त्यांचा जुना संगणक अर्थातच पडवीत असतो. त्याला नेटची वायर नाही, घरातल्या कशाशी नातं नाही. वाळीत टाकल्यासारखा एकटा पाटावर बसलेला असतो.

माझं कसालला ध्वनिमुद्रणाचं दुकान आहे. रिक्षातून ओरडायच्या जाहिराती, भजनी मंडळं, कधीमधी दशावतारी नाटकाची पेटी-मृदंग, असा सगळा कारभार. दुकानातल्या संगणकावर एक गोष्ट मात्र विकायची नव्हती. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे मामांच्या धाकट्या बहिणीने, जायच्या आदल्या वर्षी घरासमोरच्या खळ्यात बसून लग्नातली घाण्याची गाणी म्हटली होती, ती. त्यांच्यामागे त्यांचा आवाज तेवढाच उरला होता. त्या दिवशी वारा असा सुटला होता, की प्रत्येक ओळीतला एखादा शब्द तो खाऊन गेलेला. दुसरी प्रत होती, पण ती शेजारच्याच हार्ड डिस्कच्या डब्यात, त्याच संगणकाला वायरीने जोडलेली.

अशात मला इंटरनेटवर वारा पुसणारं प्लगिन सापडलं. प्लगिन म्हणजे मोठ्या प्रोग्रॅमला जोडायचा छोटा प्रोग्रॅम. फुकट होतं. कुणी बनवलं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, पण खाली पन्नास जणांनी आभार मानले होते. मी आनंदाने मामांना फोन केला आणि तिथेच फसलो.

"खंयचो तो?" मामांनी विचारलं.

"कोण?"

"तुमचो पाव्हणो. गाव, घर, कोण ओळखता तेका?"

मी म्हटलं, "मामा, तो फक्त वारा काढतो."

"तो तुमच्या प्रोग्रॅमाचो हात धरून आत येतलो. प्रोग्रॅम जंय जाता, थंय तोय जातलो. कपाटात, रांदपाच्या खोलीत, शेजारच्या डब्यात पण. तेका कोण विचारतलो, तू हंय कित्याक? आधी माझ्या पडवीत हाडा."

बायको लगेच मामांच्या बाजूने. प्लगिन पेनड्राइव्हवर घेऊन मी तिच्यासह निमूट मालवणची वाट धरली.

मामांनी बैठक थाटात मांडली. "चोराक चोरूकसारख्या कायतरी दिसाक होया मां," म्हणत त्यांनी स्वतः गायलेले झाडून सारे अभंग त्या संगणकात भरले आणि कप्प्याला नाव दिलं 'अत्यंत महत्त्वाचे'. मामांच्या गाण्याबद्दल एवढंच सांगतो, की ते सूर लावतात तेव्हा समोरच्या आगरातले माड दुसऱ्या बाजूला कलतात. त्यातल्या, वाऱ्यात गायलेल्या एका अभंगावर प्लगिन चालवलं. वारा साफ गेला. मी विजयाने मामांकडे पाहिलं.

"पयल्या दिसाक सगळेच पाव्हणे बरे," मामा म्हणाले, आणि त्यांनी संगणकाचं घड्याळ महिनाभर पुढे ढकललं. "आता ह्येका वाटतला, आपण घरातलोच झालो."

आम्ही चहा पिऊन येतो तोवर पडदा लाल झाला होता. तुमच्या सगळ्या फायलींना कुलूप घातलं आहे, परत हव्या असतील तर पैसे पाठवा, असं इंग्रजीत. शेवटचा अभंगसुद्धा सुटला नव्हता. माझ्या दुकानात हे झालं असतं तर काय गेलं असतं, ते माझ्या बायकोच्या तोंडावर मला दिसत होतं.

मामा मात्र खुर्चीतून हळूहळू उठले, गड जिंकलेल्या सेनापतीसारखे. "बाय गो," ते भाचीला म्हणाले, "तुझी आवस सुखरूप आसा." मग त्यांनी तो मजकूर पुन्हा वाचला, आणि त्यांची छाती आणखी फुगली. "आणि ह्या बघ. माझ्या गाण्याक पैशे मोजूची भाषा कोणीतरी पयल्यांदाच केल्यान."

संध्याकाळपर्यंत अख्खी वाडी पडवीत. मामा प्रत्येकाला लाल पडदा दाखवत होते, पाहुणा कसा बसवला, घड्याळ कसं फिरवलं, सगळं पहिल्यापासून. शेजारचा मिंगेल शांतपणे म्हणाला, "मामानू, तुमचे सगळे अभंग बंद केल्यान? मगे त्या चोराक शाल-नारळ देवया." मामा सगळ्यांत जास्त हसले. पैसे अर्थातच कुणी पाठवले नाहीत. मामांनी संगणक पुसून कोरा केला, अभंग गेले, आणि माड सरळ झाले.

पुढच्या आठवड्यात मामा पहिल्यांदाच कसालच्या दुकानात आले. सासूबाईंच्या गाण्यांची प्रत आता तीन घरांत आहे, हे मी त्यांना दाखवलं. मग त्यातलं एक गाणं लावलं. वारा होता तसाच होता. मामा डोळे मिटून बसले आणि सवयीने खालच्या आवाजात सूर धरू लागले. दुसऱ्या कडव्यात सासूबाई गाता गाता थांबल्या. त्या मुद्रणातही मागे कुणीतरी गुणगुणत होतं.

"दादा," वाऱ्यातून त्यांचा आवाज आला, "वायंच गप ऱ्हव रे."

मामा गप्प झाले. गाणं संपेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत.