गोरक्षचा सांगावा

पिंपरी पेंढारला गोरक्षचं घर विचारलं, तर लोक आजही 'मेंढरावाले का?' असं उलट विचारतात. वास्तविक मेंढरं उरलीत ती त्याचे चुलते सोमाजीतात्या यांच्याकडे. गोरक्षने जन्मात मेंढरू वळलेलं नाही. तो पुण्यात एका कुरिअर कंपनीत प्रोग्रॅमर होता, लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप काखोटीला मारून गावी आला आणि परत गेलाच नाही. घरूनच कंपन्यांची कामं करायचा. दिवसभर पंख्याखाली बसणाऱ्या माणसाला गाव काम करणारा म्हणत नाही, त्यामुळे त्याच्या हुशारीचं कौतुक फक्त त्याची बायको नंदा करायची, तेही पाहुणे आले की.

कुरिअर कंपनीत त्याच्याकडे एकच काम होतं. 'तुमचं पार्सल आज येईल' असे फोन आपोआप लावायचे. त्यासाठी परदेशातल्या एका कंपनीची सेवा घेतलेली होती. इकडून चार ओळी लिहून पाठवल्या, की तिकडचं मशीन हजार जणांना एका दमात फोन लावायचं, निरोप ऐकवायचं, आणि कोणी फोन कापला, कोणी शेवटपर्यंत चालू ठेवला ते लाल-हिरव्या ठिपक्यांनी पडद्यावर दाखवायचं. पहिल्यांदा स्वतःच्या चार ओळींनी स्वतःच्याच खिशातला फोन वाजला, तेव्हा गोरक्षला आकाश ठेंगणं झालं होतं.

मग त्याचे वडील वारले. मयताशेजारी बसून, नाक पुसत पुसत त्याने एकेका पाहुण्याला फोन लावले. हाताला लागतील तसे नंबर घेत गेला. सोमाजीतात्या तेव्हा मेंढरं घेऊन मढच्या बाजूला होते. त्यांची पाळी आली तोवर ते घाटाकडे सरकले होते आणि रेंज गेली होती. तात्या दुसऱ्या दिवशी पोचले आणि राखेपुढे बसून राहिले. सख्ख्या भावाचं तोंड त्यांना दिसलं नाही.

"दुनियेची पार्सलं पोचवतोस तू," ते गोरक्षला म्हणाले, "अन् मला माझ्या भावाचा सांगावा पोचला न्हाई."

बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. उठताना त्यांनी आणखी एक सांगितलं. "मला पोर न्हाई का बाळ न्हाई. पन माझ्या येळंला वैजीला माझं तोंड दिसलं पायजे. तेवढं बघ." वैजी म्हणजे गोरक्षची थोरली बहीण वैजयंती, मंचरला दिलेली. लहानपणी तात्यांनी तिला खांद्यावर घेऊन मेंढरांमागे हिंडवलं होतं. गोरक्षने मान डोलावली.

त्या डोलावलेल्या मानेपायी त्याने 'सांगावा' बनवला. प्रत्येक घराने आपल्या पाहुण्यांचे नंबर एकदा देऊन ठेवायचे. घरात कोणी गेलं, की गोरक्षला कळवायचं, आणि मशीन सगळ्या गोतावळ्याला एकाच वेळी फोन लावणार. परदेशी कंपनीने नाव नोंदवताना विचारलं होतं, तुम्ही लोकांना काय कळवणार: जाहिरात, पासवर्ड, की ठरलेल्या भेटीची आठवण? मरणाचा पर्यायच नव्हता. गोरक्षने 'ठरलेली भेट' निवडलं. तसं ते फार खोटंही नव्हतं.

मशीनला मराठी येत होतं, पण ते कांद्याचा भाव सांगितल्यासारखं निधन सांगायचं. म्हणून निरोप नंदाच्या आवाजात भरायचा ठरला. तिचा आवाज सावकाश आणि मायेचा. पहिल्याच मयताला शिवार भरून माणसं जमली. नाशकाकडचे पाहुणेसुद्धा वेळेत आले. गावाला गोरक्ष पहिल्यांदाच उपयोगाचा माणूस वाटला. तात्या तर देवळापुढे चारचौघांत म्हणाले, "आता मराया हरकत न्हाई, राव."

पण गाव कौतुकावर थांबेल तर ते गाव कसलं. वर्षाच्या आत मशीनचा नंबर सगळ्यांना पाठ झाला. कोणी तो 'सुतक' या नावाने फोनमध्ये ठेवला. आणि नंदाचं बोलणं अवघड झालं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने सहज एकीला "कशा आहात, वहिनी?" म्हटलं, तर त्या बाईच्या हातातला तिळगूळ खाली पडला. पुढे एका लग्नात सगळ्या सुनांनी नावं घेतली, नंदाला मात्र कोणी आग्रह केला नाही. ती घरी येऊन गोरक्षला म्हणाली, "माझं तोंड चालतं त्यांना. आवाज चालत न्हाई." गोरक्षने आवाज बदलायचं कबूल केलं, आणि कामाच्या रगाड्यात ते राहून गेलं. बायकोच्या आवाजाचं मातेरं झालेलं त्याला दिसत होतं, पण त्या हिरव्या ठिपक्यांची त्याला चटक लागली होती.

खरी गोची लगीनसराईत झाली. इकडे सुतक लागतं ते कानावर आल्यावर. लग्नघरात देवक बसण्याआधी जवळच्या माणसाचं मरण कानावर आलं, तर लग्न पुढे ढकलावं लागतं. एकदा देवक बसलं, की मग काही बाधत नाही. म्हणजे मधले दोन-चार दिवस तेवढे कान वाचवायचे. पूर्वी निरोप्याच लग्नघराला वळसा घालून जायचा. मशीनला वळसा कुठून येणार? तेव्हा लोकांनीच उपाय काढला. 'सुतक' वाजलं रे वाजलं, की कापून टाकायचं.

पडदा लालेलाल झाला आणि परदेशी कंपनीचं पत्र आलं. तुमचे फोन लोकांना नकोसे आहेत, फसवणुकीचा संशय येतो, सबब खातं थांबवलं आहे. गोरक्षने तक्रार केली. रोज नवीन नावाच्या माणसाचं उत्तर यायचं, मजकूर मात्र कालचाच. माणसं होती की तिथेही मशीनच होतं, देव जाणे. त्याने देवक म्हणजे काय, सुतक म्हणजे काय, हे इंग्रजीत लिहून कळवलं. असला निबंध त्याने शाळेतही लिहिला नव्हता. उत्तर आलं की तुमच्या अडचणीबद्दल खेद आहे, ग्राहकाला गोडी वाटेल असा निरोप ठेवून पाहा. गोरक्ष लॅपटॉपकडे बघून हसला आणि मग त्याला त्या हसण्याचीच लाज वाटली.

शेवटी खातं उघडलं, पण अटीवर. पुन्हा इतके फोन कापले गेले तर कायमचं बंद. आता गोरक्षने काय करावं? तो भैरवनाथाच्या देवळात बसला आणि येईल त्याला सांगत सुटला, "फोन कापू नका. नको असंल तर नुसता उचला अन् उपडा ठेवा. कानाला लावू नका. मशीन आपलं बोलून गप्प व्हतंय." हेच त्याने मंचरला वैजयंतीलाही सांगितलं. लोकांना हे फार पटलं. सुतकही टळलं आणि पोराचं मनही राहिलं. पडदा हिरवागार झाला. कंपनीने अभिनंदनाचं पत्र पाठवलं. हिरवा ठिपका म्हणजे ऐकणारा कान नव्हे, हे गोरक्षइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. पण रोज रोज हिरवं बघून तोही ते विसरला. आपणच भिंतीवर रंगवलेल्या दाराला त्याने खरं दार समजावं, तसं ते झालं.

वैशाखात एका सकाळी सोमाजीतात्या मेंढरं सोडायला वाड्यात गेले आणि तिथेच छाती धरून बसले. गोरक्ष पोचेपर्यंत संपलं होतं. तात्यांची बायको तानूबाई रडली नाही. तिने पदराने तात्यांचा चेहरा पुसला आणि एवढंच विचारलं, "वैजीला कळवलं का?"

वैजयंतीच्या लेकीचं, राजनंदिनीचं लग्न दोन दिवसांवर होतं. देवक दुसऱ्या दिवशी बसायचं होतं. वैजयंतीच्या सासरचे रीतभात काटेकोर पाळणारे, आणि तात्या तिला बापाच्या जागी. गोरक्षने तिचा नंबर काढला. अंगठा फोनवर ठेवला आणि उचलला. भाचीचं लग्न आपल्या तोंडाने मोडायचं त्याच्या जिवावर आलं. मग त्याला वाटलं, ह्याच्यासाठीच तर मशीन आहे. नंदाने निरोप भरला. तात्यांच्या नावाशी तिचा आवाज कापरा झाला, तरी तिने तो तसाच ठेवला. गोरक्षने बटण दाबलं. ठिपके एकामागून एक हिरवे होत गेले. वैजयंतीचाही झाला, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. त्याचा जीव भांड्यात पडला.

"ताईनं ऐकलं, काकी. येतीय ती."

तानूबाईने तात्यांचं तोंड उघडंच ठेवायला लावलं. दुपार झाली. माणसं आली ती गल्लीतली आणि शेजारच्या मळ्यातली. पाहुण्यांपैकी बोटावर मोजण्याइतके. लगीनसराईचे दिवस, कोणाच्या ना कोणाच्या घरी मांडव होताच. वाड्यात कोंडलेली उपाशी मेंढरं ओरडत होती. शेजारचा भागू दोनदा म्हणाला, "ऊन लई हाय, राव. किती थांबायचं?" गोरक्ष दरवेळी पडदा बघायचा. हिरवा. "निघालीच असंल," तो म्हणायचा. स्वतः फोन लावायचं त्याच्या मनात आलं नाही. ऐकलेल्या माणसाला पुन्हा काय सांगायचं?

सूर्य खाली गेला तेव्हा तानूबाई म्हणाली, "झाका आता." आणि मग तिने हंबरडा फोडला.

पुढचे दिवस गोरक्ष मनातल्या मनात बहिणीला शिव्या घालत होता. बहिणीने पूर्ण ऐकलं, आणि तरी मांडवासाठी बापाच्या जागचा माणूस तसाच जाऊ दिला. लग्न थाटात झालं. मामा मांडवात का नाही, हे कोणीही विचारलं नाही. ज्यांना कळलं होतं ते गप्प होते, आणि ज्यांना शंका होती त्यांना कळून घ्यायचं नव्हतं.

वरात निघाल्यावर कोणीतरी वैजयंतीच्या कानात सांगितलं. ती हिरव्या चुड्यानिशी, होती त्या साडीत, पहिल्या गाडीने पिंपरी पेंढारला आली. उंबऱ्यात तिने तानूबाईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि उठेना. गोरक्ष कोरडा उभा होता.

"ऐकून बी आली न्हाईस," तो म्हणाला. "आता कशाला आलीस?"

"काय ऐकलं मी?"

त्याने लॅपटॉप तिच्यापुढे धरला. तिच्या नावापुढचा ठिपका दाखवला. "हे बघ. शेवटपर्यंत ऐकलंस."

वैजयंती त्या ठिपक्याकडे बघत राहिली. डोळे पुसायचंही तिच्या लक्षात राहिलं नाही.

"उचलला व्हता," ती म्हणाली. "अन् ओट्यावर उपडा ठेवला. तूच सांगितलं व्हतंस तसं."

नंदाने पुढे होऊन गोरक्षच्या हातातला लॅपटॉप घेतला. तानूबाई भिंतीला टेकून दोघा भावंडांकडे बघत होती.

"न्हाई ऐकलं मी, गोरख," वैजयंती म्हणाली. "मला वाटलं, लांबचं कुनी असंल. आपल्यातलं कुनी गेलं असतं, तर तू सोता फोन केला असतास."