वगळलेला कोपरा

माझी थोरली बहीण बारशाआधीच गेली. नरडाण्याजवळच्या आमच्या शेतात, वायव्येच्या कोपऱ्यातल्या निंबाखाली, तिला पुरलं. पुढे आजोबांनी शेत विकलं, तेव्हा आईला शब्द दिला होता की तेवढा कोपरा विक्रीतून वगळला आहे. आता आई पिंप्राळ्यात अंथरुणाला खिळली आहे, आणि तो शब्द तिला कागदावर हवा होता. म्हणून मी धुळ्याच्या अभिलेख कक्षात गेले.

तिथे डांबरगोळ्यांचा घट्ट वास होता. कारकुनाने लाल कापडाचा बस्ता सोडला तशी धूळ ओठांवर बसली, खारट, जुन्या भिंतीच्या चवीची.

“भावाशी भांडण का, ताई?”

“मला भाऊ नाही.”

“नवलच! भांडणाशिवाय इथे कोणी पान उलटत नाही.”

खरेदीखत सापडलं. चतुःसीमेच्या चारही बाजू सलग होत्या, कुठे खाच नव्हती. पुढे लिहिलं होतं: ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह.’ ते शब्द मी नकळत लयीत पुटपुटले, आणि मग त्या लयीचीच लाज वाटली. पाणी, झाड, गवत, लाकूड, दगड, भूमीच्या पोटात असेल ते सारं दिलेलं होतं. वगळल्याचा एक शब्दही नव्हता. शेवटच्या पानावर, ‘संमती देणार’ म्हणून, वडिलांची सही होती.

परतीच्या वाटेवर ठरवलं: आजोबांचं सांगायचं, वडिलांचं नाही. वडिलांना जाऊन दोनच पावसाळे झाले आहेत.

आईने सगळं डोळे मिटून ऐकलं.

“आबा तसाच व्हतात,” ती म्हणाली. “पन तुना बापले हाई ठाऊक नही व्हतं. त्यास्नी व्हऊच दिधं नसतं.”

मी मान हलवली. तिने मी आणलेली खताची नक्कल मागितली. तिला अक्षर येत नाही, म्हणून मी निर्धास्तपणे हातात दिली. कोरड्या बोटांनी ती एकेक पान चाचपत गेली, आणि शेवटच्या पानावर तिचं बोट थांबलं. वाचता न येणाऱ्या माझ्या आईला एवढी एक सही ओळखता येत होती. आयुष्यभर ती तिने रेशनच्या अर्जावर, माझ्या प्रगतिपुस्तकावर पाहिली होती.

मी काहीतरी बोलू लागले. तिने हातानेच थांबवलं.

“मंग दर साल, नरडाणा उनं का,” ती भिंतीकडे पाहत म्हणाली, “गाडीनी खिडकीमाईन तुना बाप माले कोनता निंब दाखाडेत?”