कालव्याच्या अलीकडचा पत्ता

निम्मी वाट चालून झाली आणि ती कालव्याच्या कठड्याला टेकली. "ताई, दोन मिनिटं थांबा. आणि हसवू नका, बरगडी दुखते." मी काही बोललेच नव्हते. बसनं दहा मिनिटांत शाळेपाशी पोचलो असतो, पण बसचे धक्के तिला सोसत नव्हते म्हणून पायी निघालो होतो.

इस्पितळाच्या धुलाईघरात आम्ही दोघी चादरी घडी करायचो. तिथं तिला सगळे तोफ म्हणत. मुकादम एकदा म्हणाला, "तोंडाला कुलूप लाव." तर ही म्हणाली, "किल्ली हरवलीय. शोधू, की काम करू?" चादर घडी करायला दोन माणसं लागतात, एकीचा हात वर गेला की दुसरीचाही जावा लागतो. त्यामुळे समोरचीचं कुठं दुखतंय ते विचारावं लागत नाही. त्या सकाळी कामावर तिच्याकडचं टोक सारखं खाली येत होतं.

"आज कशानं मारलं?" मी विचारलं.

"खुर्चीनं. खुर्चीपण मोडली. आता बसायचं कशावर म्हणून पुन्हा चिडला."

नवरा गॅरेजात संध्याकाळच्या पाळीला. सकाळी ही कामावर आली की साडेतीन वर्षांची पोर त्याच्याजवळ. त्याला झोप हवी असायची. पोर रडली की तो तिला बाथरूममध्ये कोंडायचा आणि बाहेरून कडी लावायचा. एकदा ही घरी पोचली तेव्हा दाराला आतून ओरखडे होते आणि पोरीच्या दोन नखांतून रक्त येत होतं. त्या दिवशी हिनं त्याच्यावर पाटा उचलला होता. त्याचं उत्तर म्हणून हिचा दात गेला.

म्हणून हिला तो बालवर्ग हवा होता. सरकारी शाळेत सकाळी आठ ते दुपारी तीन, फुकट. जागा तीस, अर्ज दोनशेच्या वर. डब्यातून चिठ्ठ्या काढल्या, हिच्या पोरीची निघाली नाही. प्रतीक्षा यादीत नववा नंबर लागला. तेव्हापासून दर सोमवारी पाळी सुटली की आम्ही शाळेच्या फाटकावरची यादी बघायला जायचो. माझं घर शाळेमागच्या गल्लीतच.

मध्ये एकदा ती पोरीला घेऊन कालव्यापलीकडे बहिणीकडे निघून गेली होती. सुटली, असं मला वाटलं. पण तिला कुठून दुर्बुद्धी सुचली देव जाणे, शाळेचं पत्र चुकू नये म्हणून आपण होऊन कचेरीत नवा पत्ता सांगायला गेली. कारकून म्हणाला, "बाई, कालवा ओलांडला की आमची हद्द संपली. नाव कापावं लागेल. हद्दीतलंच दुसरं घर असतं तर घरमालकाची चिठ्ठी चालली असती." हिनं त्याच्या हातातलं पेन धरलं. "कापू नका. मी आजच परत जाते." आणि गेली. बहीणही दिवसभर कामाला. पोरीला ठेवायला कुणी नाही. काम सुटलं असतं तर महिन्याभरात पुन्हा नवऱ्याच्याच दारात. मी रागावले तर म्हणाली, "मार खायची मला सवय आहे ताई. कोंडून घ्यायची तिला होऊ नये."

कालव्यापासून हळूहळू चालत फाटकाशी पोचलो. तिनं बोटानं यादी वाचली, पुन्हा वाचली. "पहिली! ताई, आपल्या पुढे कुणीच नाही!" तिनं माझा दंड असा दाबला की वळ उठला.

तेवढ्यात मागून तिचे केस ओढले गेले. नवरा. एका हातात पोरीचं मनगट, दुसऱ्या हातात हिची वेणी. "यादी बघायला येतेस? घरी पोरगी बोंबलत होती आणि तू इथं भटकतेस?" त्यानं तिचं डोकं फाटकाच्या गजांवर आपटलं. एकदा, दोनदा. दुसऱ्यांदा जो आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो. कपाळ फुटलं. ती खाली बसली तर त्यानं नेमकी त्याच बरगडीवर लाथ घातली. पोर ओरडली नाही. तिनं फक्त मोकळा हात कानावर ठेवला.

मी परमेश्वराचं नाव घेतलं आणि हातातली जेवणाच्या डब्याची पिशवी गरकन फिरवून त्याच्या तोंडावर हाणली. नाक फुटलं. पुन्हा हाणली. त्यानं पोरीचं मनगट सोडलं तरी मी थांबले नाही, खरं ते लिहिते. शाळेचा पहारेकरी काठी घेऊन धावला तेव्हा नवरा रक्त पुसत, शिव्या देत पळाला. "आज मायलेकींना जिवंत ठेवत नाही," हे त्याचे जातानाचे शब्द.

दोघींना मी माझ्या घरी आणलं. तिच्या कपाळावर मी फडकं दाबून धरलं होतं आणि ते भिजत होतं. पोर टेबलाखाली जाऊन बसली होती.

"आता त्या घरात जायचं नाही," मी म्हणाले.

"नाही जात. आज मारून टाकेल." तिनं टेबलाखालच्या पोरीकडे पाहिलं. "पण ताई, पहिला नंबर आहे."

मी फडकं उलटं करून पुन्हा दाबलं.

"बहिणीकडे जाते. तुमच्यावर भार नको. फक्त एक करा. शाळेचं पत्र त्याच्या हाती पडायला नको. आम्ही तुमच्या मागच्या खोलीत राहतो अशी चिठ्ठी लिहून द्या. खोटं आहे, मला कळतंय. आणि तो कुठूनतरी ऐकेल आणि तुमचंच दार फोडायला येईल, हेही आधीच सांगते." फडक्यावरचा माझा हात तिनं घट्ट धरला. "तरी लिहाल का?"