कुलूपबंद मेल आणि आवकचा शिक्का

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, घरीसुद्धा नाही. आता स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे, तर लिहून टाकतो.

दोन हजार सहाच्या सुमारास मुळशीतल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. उरवड्याकडच्या एका कारखान्यातले रसायनाचे टँकर ओढ्यात रिकामे होत. खबर दिली तिथल्याच प्रयोगशाळेतल्या मुलीनं. यवतमाळकडची, घरात एकटी कमावती. तिची अट एकच: मेल कुलूपबंद, म्हणजे वाटेत कुणालाही वाचता येणार नाही अशी, जाणार असेल तरच लिहीन.

तीन रविवार तिनं एसटीडी बूथवरून फोन करून मला घरच्या कॉम्प्युटरवर ते शिकवलं. आपलं कुलूप समोरच्याला द्यायचं, त्यानं ते लावून मेल पाठवायची, उघडायची किल्ली फक्त आपल्यापाशी ठेवायची. मी किल्लीचा पासफ्रेज, म्हणजे लांबलचक पासवर्ड, दोनदा विसरलो, एकदा तर किल्लीच तिला पाठवून बसलो. ती चिडली नाही. "नवीन बनवू साहेब, पहिल्यापासून," एवढंच म्हणाली. अशी चिकाटी मी खात्यातही क्वचित पाहिली.

अखेर मेल उघडली. टँकरचे नंबर, वेळा, सगळं. शेवटी लिहिलं होतं, "फक्त तुम्हीच वाचणार, म्हणून खाली नाव देते."

मी प्रिंट काढून ठाण्यात नेली. ठाण्यात आलेल्या प्रत्येक कागदाला बारनिशीत, म्हणजे आवक-जावकच्या टेबलावर, नंबर पडतो. मी जरा घुटमळलो, तर हवालदार म्हणाले, "कागद हाय म्हंजी नंबर पडनारच की, साहेब." मी मान डोलावली.

टँकर रंगेहाथ सापडला. सुपरवायझर चौकशीत दोन तास "मला ठावं न्हाई" म्हणत राहिला. मी तिच्या मेलमधले नंबर आणि वेळा ओळीनं वाचल्या. त्यानं पाणी मागितलं आणि मालकाच्या हुकमासकट सगळं सांगितलं. शाबासकी मला मिळाली.

चार दिवसांनी जामिनाच्या कागदांसाठी आलेल्या कारखान्याच्या माणसानं बारनिशीच्या टेबलावर नंबर पडून राहिलेली ती प्रिंट खालच्या नावासकट वाचली. दुसऱ्याच दिवशी मुलीची नोकरी गेली. तिचा फोन आला.

"साहेब, मेल फुटली का?"

"तुझ्याच कॉम्प्युटरवरून फुटली असेल," मी म्हणालो. नाव कसं फुटलं याचा खात्याला जो अहवाल दिला, त्यातही तेच लिहिलं.

"मग माझंच काहीतरी चुकलं," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

तिचं कुलूप कुणीही फोडलं नव्हतं. ते मीच उघडलं आणि आतलं टेबलावर मांडून ठेवलं. जुन्या सवयीचा माणूस नवं कुलूप असंच निकामी करतो, हे मला त्या मुलीची नोकरी गेल्यावर कळलं.

तिचं काही चुकलं नव्हतं, हे तिला सांगणं आणि तो अहवाल खोटा होता, हे खात्याला लेखी कळवणं, दोन्ही माझ्याकडून अजून राहिलेलं आहे.